जायचं तिकीट, यायचं तिकीट

१६ एप्रिल १८५३ ला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वे सुटली. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं. तारीख तीच, मधे १७२ वर्षं. हा योगायोग कोणी जुळवून आणला की आपोआप जुळला ते सोडा. पण तेव्हापासून गावात एक प्रश्न लई जण विचारून राहिले: "भाऊ, विमानाचं येण्याजाण्याचं एकत्रच काढाव का वेगवेगळं?"

एका ओळीत उत्तर देता येतं, ते खाली देतोच. पण हा प्रश्न विमानाइतका नवा नाही. जायचं तिकीट स्वस्त की महाग, परतीचं मिळते की नाही, आणि परतीची हमी कोण देते, यावर आपल्या भागातल्या माणसांची आयुष्यं ठरली आहेत. म्हणून जरा मागून सुरुवात करतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

*गावाच्या नावातच रेल्वे*

महाराष्ट्रात धामणगाव नावाची गावं पुष्कळ. आपलं ते धामणगाव रेल्वे. शेजारी चांदूर रेल्वे. टपालाच्या पत्त्यात, मतदारसंघाच्या नावात, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे रेल्वे. जीआयपी कंपनीचा रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला टेकला आणि त्याच रुळावर आपलं स्टेशन उभं राहिलं.

हा रूळ माणसांच्या सोयीसाठी आला नव्हता, कापसासाठी आला होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांना वऱ्हाडची काळी जमीन आठवली. युद्ध संपलं, भाव पडले, पण रूळ राहिला. १८७० ला जलंबहून खामगाव, १८७१ ला बडनेऱ्याहून अमरावती असे फाटे निघाले, तेही कापसाच्या बाजारासाठीच. यवतमाळला तेव्हा रेल्वे नव्हती. तिथला माल २९ मैलांच्या पक्क्या सडकेनं बैलगाड्यांवर धामणगाव स्टेशनात यायचा. आपल्या गावातला जिनिंग-प्रेसिंगचा धंदा, अडत, दुकानदारी, सगळं या सडकेच्या आणि रुळाच्या तोंडावर वाढलं.

त्या कापसाचं तिकीट मात्र एकेरी होतं. इथून गाठ बांधून गेला तो गेला. परत आला तो कापड होऊन, तेही विकत घ्यायच्या भावात. परतीचं तिकीट कोणाला असते आणि कोणाला नसते, याचा पहिला धडा आपल्या स्टेशनानं कापसातूनच दिला.

*पुठ्ठ्याचं तिकीट, मधे दुमड*

चाळिशीच्या पुढच्यांना पुठ्ठ्याचं जाड तिकीट आठवत असेल. एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरनं एकोणिसाव्या शतकात काढलेली ही पद्धत. छापील क्रमांक, खिडकीवर तारखेचा खट्ट असा शिक्का. परतीचं तिकीट असलं की त्या पुठ्ठ्याचे दोन भाग असायचे. जाताना अर्धा भाग तिथल्या स्टेशनवर तोडून घ्यायचे, उरलेला अर्धा खिशात. तो अर्धा म्हणजे घरी पोचायची हमी. हरवला की झालं.

रेल्वेनं परतीला सवलत देणं नवं नाही. सणासुदीला, सुट्ट्यांत जुन्या कंपन्याही परतीची तिकिटं सवलतीत विकत होत्या. हिशेब साधा: गेलेली गाडी रिकामी परत आणायची त्यापेक्षा थोड्या कमी पैशात भरून आणलेली बरी. ऑगस्ट २०२५ मधे रेल्वेनं हीच कल्पना नव्यानं आणली. १३ ते २६ ऑक्टोबरदरम्यान जा, १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरदरम्यान परत या, दोन्हीकडचं तिकीट एकत्र काढा, तर परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट.

जाहिरातीत २० टक्के दिसले. पण सूट फक्त परतीवर होती. समजा एका बाजूचं मूळ भाडं ५०० रुपये. दोन्हीकडचे १,०००. परतीवर १०० सुटले, म्हणजे एकूण प्रवासावर १० टक्के. आणि अटी? दोन्ही तिकिटं कन्फर्म पाहिजेत, प्रवासी तेच, वर्ग तोच, स्टेशनं तीच, तिकीट बदलता येणार नाही, रद्द केलं तर पैसे परत नाहीत. ही शेवटची अट ध्यानात ठेवा. विमान कंपन्यांचा सगळा खेळ याच अटीवर चालतो.

*परतीचं तिकीट हा हक्क होता, तो काढून घेतला*

आता जरा लांब जाऊ. १८३४ पासून इंग्रजांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. यांनाच पुढे गिरमिटिये म्हणू लागले. बिहारचे, मद्रासकडचे, तसेच मुंबई बंदरातून कोकणातले मराठी लोकही गेले. सुरुवातीच्या करारात एक कलम होतं: पाच वर्षं काम केलं की परतीचा जहाजप्रवास फुकट. म्हणजे मजुराच्या हातात पहिल्याच दिवशी परतीचं तिकीट होतं.

मळेवाल्यांना ते परवडेना. शिकलेला, हात बसलेला मजूर पाच वर्षांनी घरी निघून जातो, हे त्यांचं दुखणं. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला फुकट परतीचा हक्क रद्द झाला. ज्याला जायचं त्यानं आपल्या पैशानं जावं. मळ्याच्या मजुरीतून जहाजाचं भाडं कुठून जमणार? १९२० च्या सुमारास ही मजूरभरती संपेपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर गेली, आणि त्यातली बहुतेक तिथलीच झाली. मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आज मॉरिशसमधे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, मराठी शाळांत शिकवतात. ऐकायला बरं वाटते. पण त्यामागे एका कलमाची खोडाखोड आहे, हे विसरू नये. कागदावरच्या एका ओळीनं लाखो लोकांचं येण्याजाण्याचं तिकीट एकेरी केलं.

*परत आलेले दोघं*

१८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजानं निघाल्या, जूनमधे न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. नवरा बरोबर नाही. मार्च १८८६ मधे फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी परतल्या त्या क्षय घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. परतीचा प्रवास झाला, पण ज्यासाठी परतायचं होतं ते करायला उसंत मिळाली नाही.

दुसरे आपले शेजारी. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख, जन्म १८९८. शेतकऱ्याचं पोरगं विलायतेला गेलं, एडिनबर्ग आणि ऑक्सफर्डला शिकलं, बॅरिस्टर झालं, आणि १९२० च्या दशकात अमरावतीला परत आलं. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. आज वऱ्हाडातल्या ज्या पोरांना परदेशी विद्यापीठाचं पत्र येते, त्यातली कितीतरी याच संस्थेच्या शाळा-कॉलेजांतून निघालेली असतात. एक माणूस परत आला, त्याचं व्याज आपण अजून खाऊन राहिलो.

*विमानाच्या दराची भानगड*

विमान आपल्या भागाला नवं नाही. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला एकत्र यायची, टपाल आणि प्रवासी बदलायचे, आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. देशाचं पत्र आपल्या डोक्यावरून उडत होतं. आपण मात्र पॅसेंजरनं बडनेऱ्याला जात होतो.

१९५३ मधे विमान कंपन्या सरकारी झाल्या. देशांतर्गत इंडियन एअरलाइन्स, बाहेर एअर इंडिया. ती मक्तेदारी १९९४ पर्यंत कायद्यानं टिकली. त्या काळात दर ठरलेले, त्यामुळे "एकत्र की वेगळं" या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. प्रश्न असायचा तो तिकिटावर 'ओके' लिहिलं आहे की नाही. परतीची तारीख मोकळी ठेवलेलं तिकीट मिळायचं, त्याला ओपन म्हणत. आणि तारीख पक्की असली तरी निघायच्या ७२ तास आधी कंपनीच्या कचेरीत सांगावं लागे की हो, मी येतो आहे. नाही सांगितलं तर जागा दुसऱ्याला. परदेशी असलेल्या माणसाला तिथली कचेरी शोधत फिरावं लागे.

एकेरी तिकीट महाग आणि येण्याजाण्याचं स्वस्त, ही चाल अमेरिकेतून जगभर गेली. १९७७-७८ च्या सुमारास तिथे दरांवरचं सरकारी नियंत्रण सुटलं. कंपन्यांपुढे दोन गिऱ्हाईकं होती. एक धंद्याचा माणूस, ज्याला उद्याच जायचं आहे, काम झालं की लगेच यायचं आहे, आणि पैसे त्याची कंपनी देते. दुसरा सुट्टीवर जाणारा, जो दर पाहून बेत ठरवतो. दोघांना एकाच खुर्चीचे वेगळे पैसे कसे लावायचे? तोडगा निघाला: जो आधी काढेल, येण्याजाण्याचं एकत्र काढेल आणि शनिवारची रात्र तिकडेच राहील त्याला स्वस्त. धंद्याचा माणूस शनिवारी घरी येतो, म्हणून तो आपोआप महाग तिकिटात अडकतो. लांबच्या परदेशी प्रवासात एकेरीचा दर येण्याजाण्याच्या निम्म्याहून पुष्कळ जास्त दिसतो, त्याचं मूळ इथे आहे. इंधन तेवढंच लागते, खुर्ची तीच असते. फरक आहे तो तुमची गरज किती अडलेली आहे, याच्या अंदाजाचा.

आपल्याकडे २००३ मधे कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं ही गाठ सोडली. प्रत्येक बाजूचं तिकीट स्वतंत्र, दर स्वतंत्र. मागून स्पाइसजेट, इंडिगो आल्या, त्यांनीही तेच केलं. २००८ मधे जगभर कागदी विमान तिकीट बंद झालं. पुठ्ठा गेला, ओपन गेलं, ७२ तासांची कचेरीही गेली.

*तर मग काढायचं काय?*

देशातल्या देशात जायचं असेल तर बहुतेक वेळा एकत्र काढा की वेगळं, दर सारखाच पडतो. दोन्ही पाहून घ्या. पण जोखीम सारखी नसते.

एकाच पीएनआरवर येण्याजाण्याचं काढलं आणि जाताना तुम्ही विमानाला गेलाच नाही, रेल्वेनं गेलात, तर बहुतेक कंपन्या परतीचंही तिकीट रद्द धरतात. आपल्याकडचे लोक इथेच फसतात. जाताना समृद्धीनं कोणाची गाडी मिळाली, गेले, आणि परतीला विमानतळावर उभे, तर नाव नाही. बेत असा बदलायची शक्यता असेल तर दोन वेगळी तिकिटं काढा.

उलट बाजूही आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं काढली आणि जायचं विमान कंपनीनंच रद्द केलं, तर परतीवाल्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसते. एकाच तिकिटात असलं तर दोन्हीकडचे पैसे मागता येतात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येनं रद्द झाली, दर इतके भडकले की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. ज्यांनी जाण्याची एक आणि येण्याची दुसरी कंपनी पकडली होती, त्यांना या फरकाचा अर्थ तेव्हा समजला.

आणि तिकीट वाया गेलंच तर हात झटकून बसू नका. २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळतात, अगदी ऑफरचं तिकीट असलं तरी. लोक मागत नाहीत, म्हणून ते राहून जातात.

परदेशात पोरगं शिकायला जात असेल तर त्याला एकेरी चालते, आणि विद्यार्थी सवलतीत जास्त सामान मिळते का ते आधी विचारा. आईवडील भेटायला जात असतील तर येण्याजाण्याचंच काढा. बहुधा स्वस्त पडते, आणि उतरल्यावर अधिकारी "परत कधी?" विचारतो तेव्हा दाखवायला कागद असतो. तारीख बदलता येईल असं तिकीट थोडं महाग असलं तरी घ्या. नातवंडांच्या घरी तारखा कधी पाळल्या जात नाहीत.

दवाखान्याच्या कामाला मुंबईला जाणाऱ्यांनी परतीचं आधी काढूच नये. डॉक्टर कधी सोडतील ते कोणाच्या हातात नसते. टाटा हॉस्पिटलच्या रुग्णाला रेल्वेत सवलत आहे, तिची चौकशी आधी करा.

*२०२० नं दाखवलं ते*

२५ मार्च २०२० पासून देशातली विमानं थांबली, ती दोन महिन्यांनी, २५ मेला सुटली. नियमित परदेशी उड्डाणं तर थेट मार्च २०२२ अखेरीस सुरू झाली. पोरांकडे गेलेले कितीतरी आईवडील परतीचं तिकीट हातात असून तिकडे अडकले. पैशाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, १ ऑक्टोबर २०२० ला निकाल लागला, लॉकडाऊनच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे परत द्यायला सांगितलं, बाकीच्यांना क्रेडिटची वाट ठेवली.

त्याच दिवसांत, १ मे २०२० पासून, श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या. त्या एकेरी होत्या. ज्यांच्याकडे कुठलंच तिकीट नव्हतं ते आपल्याच रुळाच्या कडेनं, नागपूरकडे तोंड करून चालत गेले. रुळाच्या गावात राहणाऱ्यांनी ते पाहिलं आहे. विमानाचं तिकीट असलेला आणि पायी चालणारा, दोघांनाही घरीच जायचं होतं. एकाच्या पैशाचा निकाल कोर्टानं लावला. दुसऱ्याचं तिकीटच नव्हतं, त्यानं दाद कशाची मागायची?

*बेलोऱ्याकडून काय मागायचं*

अलायन्स एअरचं एटीआर विमान, उडान योजनेत, सुरुवातीला सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुंबईहून यायचं आणि थोड्याच वेळात तेच विमान मुंबईला परत. म्हणजे अमरावतीच्या माणसाला त्याच दिवशी जाऊन येणं या वेळापत्रकात शक्य नव्हतं. सोमवारी गेला तर परतीचं विमान बुधवारी, दोन रात्री लॉज. शुक्रवारी गेला तर सोमवार, तीन रात्री. मंत्रालयात अर्ध्या दिवसाचं काम आणि दोन-तीन रात्रींचं भाडं.

म्हणून शहाणे लोक काय करतात? जाताना विमान, येताना रात्रीची अमरावती एक्सप्रेस. धामणगावकर असेल तर विदर्भ नाहीतर सेवाग्राम. एकेरी अधिक एकेरी. विमानतळ झाला तरी परतीला आपण अजून १८६७ च्याच रुळावर आहोत.

नेते विमानतळाचं नाव काय ठेवायचं यावर भांडतात, भांडू द्या. आपण मागायचं ते वेळापत्रक. आठवड्यातून किमान काही दिवस सकाळी अमरावतीहून जाणारं आणि त्याच संध्याकाळी परतणारं विमान. त्यासाठी विमान रात्री बेलोऱ्यालाच मुक्कामी राहिलं पाहिजे, म्हणजे रात्रीच्या उड्डाणाची, कर्मचाऱ्यांची सोय पाहिजे. हे काम आमदार-खासदारांच्या पाठपुराव्याचं आहे, फीत कापण्याचं नाही.

पोरं जातात, जाऊ द्या. थांबवणारे आपण कोण? पण पंजाबरावांना परत येऊन करायला इथे काम दिसलं होतं. आजच्या पोराला इथे काय दिसते? गावात कंपनी नाही, सिंचन अर्धवट, कापसाचा भाव दुसरा ठरवतो. मळेवाल्यांनी करारातलं कलम खोडून माणसं अडकवली. आपण कलम वगैरे काही न खोडता, नुसतं दुर्लक्ष करून तेच करून राहिलो.

पुढच्या वेळी कोणी मत मागायला आलं की रस्ता, नाली विचाराच, पण एक प्रश्न हाही विचारा: आमचं पोरगं एकेरी तिकिटावर गेलं आहे, ते परत यावं म्हणून तुम्ही या तालुक्यात काय केलं?